उजव्या कानाचा सूर

“अहो, आज त्या गिटारला सर्दी झालीय का?” बायको आतून ओरडली.

कानसेन पुन्हा तारा लावायला वळला. रविवारची सकाळ होती. टेप टेबलावर त्याच्या डाव्या हाताला चालू होता आणि गिटारच्या लाकडी कडेवर त्याने नेहमीसारखा उजवा कान दाबून धरला होता. एक कान टेपला, एक कान गिटारला, मध्ये आपण. तारा लावायची त्याची ही पद्धत चाळीस वर्षांची होती आणि आजवर तिने कधी दगा दिला नव्हता.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो गेली बत्तीस वर्षं मिस्त्री होता, आणि मशीनला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावून, आत काय बिघडलंय ते सांगायचा. बाकीचे मीटर लावून अर्धा तास घालवत, हा दोन मिनिटांत “मागचं बेअरिंग” म्हणून मोकळा. तेव्हा कुणीतरी ते नाव पाडलं, आणि पुढे साहेबसुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागले. त्याला ते आवडायचं. कशाला खोटं बोला, फारच आवडायचं.

टेपमध्ये होती थोरल्या भावाची कॅसेट. भाऊ ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली. मागे राहिल्या अकरा कॅसेटी आणि ही गिटार. कॅसेटी स्टेजच्या कडेला ठेवलेल्या टेपवर भरलेल्या, आणि त्या टेपचे सेल कायम उतरलेले. सेल उतरले की मशीन हळू चालतं, आणि हळू चालून भरलेली कॅसेट पुढे चांगल्या टेपवर लावली की सगळं जरा घाईत आणि जरा वरच्या पट्टीत वाजतं. एक कॅसेट अर्ध्या सुराने चढी, दुसरी पाव सुराने. तिसरी तर पहिल्या गाण्याला ठीक आणि शेवटच्या गाण्याला पार टाचा उंचावलेली, कारण कार्यक्रम संपेपर्यंत सेल मरायला टेकलेले असत. सरळ साध्या पट्टीत लावलेली गिटार घेऊन यांच्याबरोबर वाजवायला बसलं, तर दोन शेजारणी एकाच वेळी भांडतायत असं वाटायचं. म्हणून आधी कॅसेट ऐकायची, तिचा सूर पकडायचा आणि एकेक तार तिथवर न्यायची. भाऊ जुन्या तबकड्यांबरोबर वाजवायचा तेव्हा म्हणायचा, “ती काही आपल्याकडे यायची नाही. आपणच उठून तिच्याकडे जायचं.”

तर दर रविवारी कानसेन उठून भावाकडे जायचा. भाऊ पहिली गिटार, हा दुसरी. अख्ख्या आठवड्यात भावाशी बोलायची ती एवढीच वेळ होती.

आजची कॅसेट निळ्या लेबलाची, पाव सुराने चढी. खुंट्या किती फिरवायच्या ते बोटांना पाठ होतं. बोटांनी तेवढ्या फिरवल्या. पण कान म्हणाला, जास्त झालं. कानसेनने तार थोडी सैल केली. कान म्हणाला, अजून. अजून सैल केली. असं करता करता गिटार साध्या पट्टीच्याही खाली गेली, तेव्हा कुठे कानाचं समाधान झालं. कानसेनने वाजवायला सुरुवात केली आणि आतून ते सर्दीचं वाक्य आलं.

आंघोळीला निघालेली मुलगी टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभी राहिली. “बाबा, काका वर आहेत आणि तुम्ही खाली. खूपच खाली.”

“काका आज खाली उतरलाय. टेप हळू पडलाय. पट्टा सैल झाला असणार.”

“थांबा, फोनवर बघू.” तिने फोन काढून गिटारपुढे धरला. पडद्यावरची सुई डावीकडे कलंडली. मग टेपपुढे धरला. सुई उजवीकडे, पाव सुरावर. “बघा. काका नेहमीच्याच जागी आहेत.”

“फोनला काय कळतंय? त्याला कान आहेत का?”

“माईक आहे, बाबा.”

“माईक आणि कान यात फरक असतो,” कानसेन म्हणाला आणि उठून हत्यारांची पेटी घेऊन आला.

मिस्त्री माणूस. कुठेही काही बिघडलं की त्याचा हात आधी मशीनकडे जातो, स्वतःकडे जात नाही. त्याने टेप उपडा करून खोलला. आतला रबरी पट्टा काढून नवा बसवला. कॅसेट वाचणारं आतलं डोकं कापसाने पुसलं, चाकाला तेलाचा अर्धा थेंब दिला. बायको हात पुसत येऊन बघत उभी राहिली.

“नाचता येईना, अंगण वाकडं.”

“अगं, अंगण खरंच वाकडं असतं कधीकधी.”

“असेल बाई. पण ते खोलून ठेवलेलं माझ्या इस्त्रीच्या टेबलावर नको.”

टेप पुन्हा बंद झाला. त्यातून एकही स्क्रू शिल्लक उरला नाही, याचा त्याला नेहमीसारखा अभिमान वाटला. कॅसेट लावली. तारा लावल्या. मुलगी आंघोळीला गेली होती, तरी त्याला तिचं म्हणणं ऐकू आलं, कारण गिटार पुन्हा तेवढीच खाली गेली होती. नवा पट्टा घालूनही!

बायकोला टेबल हवंच होतं. तिने टेप उचलला आणि खिडकीत, त्याच्या उजव्या हाताला नेऊन ठेवला. कॅसेट चालूच होती. भाऊ गाण्याच्या शेवटी एकच तार छेडून ती विझेपर्यंत धरून ठेवायचा, तसा तो सूर सुरू झाला. आणि कानसेनला तो सूर चढलेला ऐकू आला. आता हे काय? मघाशी हळू, आता जोरात? पट्टा फार घट्ट बसला की काय, म्हणून त्याने मान वळवून टेपकडे नीट पाहिलं, आणि मान वळता वळता सूर खाली आला.

त्याने मान परत फिरवली. सूर वर गेला.

बायको इस्त्रीची पाण्याची बाटली भरायला आत गेली होती. कानसेनने कॅसेट मागे नेली. तो सूर पुन्हा लावला आणि डाव्या कानात बोट घातलं. वर. मग उजव्या कानात बोट घातलं. खाली. पुन्हा डाव्या, पुन्हा उजव्या. तोच टेप, तोच भाऊ, तीच एक तार, आणि दोन कानांत दोन वेगळे सूर. उजव्या कानातला सूर नुसता चढा नव्हता, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा चपटा होता. सूर विझत आला की तो उजव्या कानात लवकर संपायचा, डाव्या कानात आणखी दोनतीन क्षण रेंगाळायचा.

त्याने टेप बंद केला.

मग एकेक आठवायला लागलं, आणि आठवलेलं थांबेना. फोन तो अलीकडे डाव्या कानाला धरतो. कधीपासून? बायको म्हणते, तीनदा हाक मारली, चौथ्यांदा ओ दिलीत. फ्रीज शिटी मारतो म्हणून त्याने फ्रीज दोनदा भिंतीपासून ओढून पाहिला होता. फ्रीज मारत नव्हता शिटी. शिटी आत्ताही चालू होती, आणि ती त्याच्या डोक्याच्या उजव्या अंगाला होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

आणि त्याच क्षणी त्याला शुक्रवार आठवला.

शुक्रवारी त्याने हॉस्पिटलच्या दोन्ही लिफ्ट तपासल्या होत्या. तिथली लिफ्टवाली ताई पंधरा वर्षं दोन नंबरच्या डब्यात स्टुलावर बसून होती. तिने आपणहून सांगितलं होतं, “मिस्त्री, दोन नंबर घुरघुरतेय हो. वर जाताना.” हा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगला टेकवला, मूठ कानामागे लावली. कोणत्या कानामागे? उजव्या. नेहमी उजव्याच. आणि खाली येऊन काय म्हणाला? “ताई, मशीन ठणठणीत आहे. तुमचेच कान वाजतायत.” ताई बिचारी हसली होती. याने कागदावर ‘आवाज नॉर्मल’ लिहून सही ठोकली होती.

लिफ्ट पडते ती सिनेमात. खऱ्या लिफ्टला पाचसहा दोर असतात, ब्रेक असतो, खाली रुळाला पकडणारे जबडे असतात. कानसेन हे लोकांना हसत समजावून सांगायचा. पण मशीनचं बेअरिंग जाम झालं तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये गच्च उभी राहते आणि दार उघडलं की समोर भिंत. एरवी हाताने चाक फिरवून तिला मजल्यावर आणता येतं. मशीनच आतून धरलं असेल तर तेही फिरत नाही. मग तासन्‌तास. दुकानाच्या लिफ्टमध्ये माणसं शिव्या देत उभी राहतील, पण हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये कोण असतं? नाकात नळी घातलेला माणूस आणि दोन तास पुरेल एवढं सिलिंडर.

“निघालो मी,” तो म्हणाला. “कामावरून फोन आलाय.”

“फोन कधी वाजला?” बायकोने विचारलं.

“वाजला ना.”

“मी इथेच आहे, अहो. नाही वाजला.”

तो चपला घालता घालता थांबला. खोटं आपणच बोललो, हे माहीत असूनही क्षणभर त्याला खरंच कळेना, की फोन वाजला नव्हता की आपल्याला ऐकू आला नव्हता. “आवाज बंद करून ठेवलाय,” एवढं म्हणून तो पेटी उचलून बाहेर पडला. बायको जिन्यापर्यंत आली. तिने काहीतरी विचारलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

हॉस्पिटलपर्यंत बसने पंचवीस मिनिटं लागायची. त्या दिवशी जाता जात नव्हती. मागून हॉर्न वाजला की तो दचकून डावा कान पुढे करी. आजवर आवाज आपोआप येऊन त्याला सांगायचे, मी डावीकडून आलो, मी मागून आलो. आता सगळे एकाच बाजूने येत होते. बत्तीस वर्षं माणूस ज्या जोरावर ताठ मानेने चालला, तीच वस्तू खोटी निघावी? आणि खोटी निघाली ती कधी? आज? शुक्रवारी? सहा महिन्यांपूर्वी? या प्रश्नाला कुठेच बूड सापडेना, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

हॉस्पिटलच्या दारात पोचला तेव्हा दोन नंबर खाली उभीच होती. स्टुलावर ताई. आत एक चाकांची खाट, तिच्यावर एक माणूस, उशाशी सिलिंडर, पायथ्याशी वॉर्डबॉय.

“अरे वा, मिस्त्री! रविवारी?” ताई म्हणाली. “या या, जागा आहे.”

“थांबा,” म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण काय सांगणार? परवाच ठणठणीत म्हणालो, आज माझा भाऊ माझ्या टेपमध्ये वर-खाली होतोय म्हणून उतरा? तोवर ताईने बटण दाबलं होतं आणि दार सरकत होतं. तो आत शिरला. बाहेर राहण्यापेक्षा आत असलेलं बरं, असं त्याला वाटलं.

लिफ्ट निघाली. कानसेनने डोळे मिटले आणि डावा कान छताकडे केला. पंख्याचा आवाज, खाटेचं चाक कुरकुरल्याचा आवाज, खाटेवरच्या माणसाचा नळीतला श्वास. घुरघुर येतेय का? येतेय असं वाटे, मग वाटे, नाही, हा श्वासच आहे. चोराच्या मनात चांदणं. पहिला मजला गेला. दुसरा मजला. मध्येच डबा किंचित थरथरला, नेहमीच थरथरतो तेवढाच किंवा त्याहून थोडा जास्त. त्याने सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं. काटा अर्ध्याच्या खाली होता.

“ऐकलंत?” ताई हळूच म्हणाली. “ही बघा, इथेच.”

त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, खाट बाहेर गेली. तो ताईकडे वळला. “ताई, आता कुणाला घेऊ नका. इथेच उभी ठेवा. मी वर जातो.”

“माझे कान वाजतात ना पण?” ती हसत म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसणं थांबलं. “काय झालं हो?”

“उभी ठेवा फक्त.”

गच्चीवरच्या खोलीत दोन्ही मशीन शेजारी शेजारी होती. एकाच वर्षी, एकाच दिवशी बसवलेली जुळी. एक नंबर चालू होती, दोन नंबर गप्प. त्याने आतून ताईला फोन केला आणि सांगितलं, रिकाम्या डब्याने एकदा खाली, एकदा वर, बाहेरून बटण दाबा, आत बसू नका. मग स्क्रूड्रायव्हर काढला.

आधी उजवा कान. सवयीने मूठ तिथेच गेली, तर जाऊ दे म्हणाला. एक नंबरचं बेअरिंग ऐकलं, मग दोन नंबरचं. दोन्ही सारखी. गुळगुळीत, शांत, शहाण्या पोरांसारखी. परवा हेच ऐकून त्याने सही केली होती.

मग मूठ डाव्या कानामागे. एक नंबर, जशी असावी तशी. हिचा सूर डोक्यात धरला, टेपचा धरायचा तसा, आणि स्क्रूड्रायव्हर उचलून दोन नंबरला टेकवला.

त्याचा हात झटक्याने मागे आला. आत कुणीतरी काचा चावत होतं. कर्र, कर्र, मध्ये एक खाच, पुन्हा कर्र. हे शुक्रवारी नव्हतं, असं म्हणायला जागाच नव्हती. असं बेअरिंग दोन दिवसांत होत नाही, आठपंधरा दिवस ते आरडाओरडा करत असतं. याच्या उजव्या कानाला टेकून ते ओरडलं होतं, आणि याने त्याला नॉर्मल म्हटलं होतं.

त्याने मशीन बंद केलं, मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं. झाकणाचे बोल्ट काढले. बोटाने ग्रीस उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. काळ्या ग्रीसमध्ये पोलादाचा चुरा चमकत होता. आज संध्याकाळपर्यंत टिकलं असतं, कदाचित उद्यापर्यंतही. तो तिथेच मशीनच्या चौथऱ्यावर बसला.

मग त्याने साहेबांना फोन लावला. साहेब त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, याच्याच हाताखाली शिकलेले.

“बोला कानसेन. रविवारी कसली आठवण?”

“साहेब, हॉस्पिटलची दोन नंबर बंद केलीय. बेअरिंग गेलंय. चुरा पडलाय.”

“अरे बाप रे. कुणी अडकलं?”

“नाही.”

“सुटलो. वेळेत पकडलंत. तुम्ही म्हणजे ना! घरबसल्या ऐकू येतं की काय तुम्हाला?” साहेब हसले. “बरं, आज सकाळी आवाज सुरू झाला, कळवल्यावर तुम्ही लगेच आलात, असा रिपोर्ट करतो. मी सामान पाठवतो.”

वाट इतकी सोपी होती. तोंडातून एक ‘हो’ काढायचा. कुणाला काय कळणार होतं? ताई काही बोलली नसती. दीड वर्ष उरलं होतं निवृत्तीला. मूठ डाव्या कानाला लावायची सवय करायची की झालं, या कानाची गोष्ट त्या कानालासुद्धा कळली नसती. कानसेनने हो म्हणण्यासाठी तोंड उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे ती खाट आली नाही की सिलिंडर आलं नाही. आल्या त्या बाकीच्या लिफ्ट. शाळेची. दवाखान्याची. त्या उंच इमारतीची, जिथल्या आठव्या मजल्यावरचे म्हातारा-म्हातारी त्याला बळेच बसवून पाणी देत.

“साहेब, हा आवाज शुक्रवारीही होता.”

“म्हणजे?”

“ताईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि मला तो ऐकू आला नाही. माझा उजवा कान गेलाय.”

पलीकडे बराच वेळ काहीच नव्हतं. फोन कटला की काय, की आपल्यालाच ऐकू येईनासं झालं, म्हणून त्याने फोन कानावर आणखी दाबला.

“कधीपासून?” साहेबांनी विचारलं. आवाज बदलला होता.

“तेच तर माहीत नाही. तेवढं माहीत असतं तर एवढी भीती वाटली नसती, साहेब.”

“या महिन्यात किती पास केल्यात?”

“एकोणीस. पण नुसता हाच महिना धरू नका. मागचे तीनचार धरा. सगळ्या पुन्हा बघून घ्या. दुसऱ्या कुणालातरी पाठवा.”

“तुम्हाला कळतंय ना, हे मला लिहावं लागेल? लिहिलं की मग...”

“कळतंय.”

“डॉक्टरांना दाखवलंत का? मळबिळ असेल हो.”

“दाखवीन. पण तोवर माझ्या सहीवर कुणाला वर-खाली नेऊ नका.”

साहेबांनी एक उसासा टाकला. तो मात्र स्पष्ट ऐकू आला. “उद्या दहाला ऑफिसात या,” ते म्हणाले, आणि थोडं थांबून, खाली मान घातल्यासारख्या आवाजात, “पेटी जमा करायला घेऊन या, काका.”

इतक्या वर्षांत साहेबांनी त्याला कधी काका म्हटलं नव्हतं. कानसेनने ‘बरं’ म्हटलं.

तो जिन्याने उतरायला लागला. तिसऱ्या मजल्यावर गोंधळ चालला होता. एक नंबर वर ऑपरेशन थिएटरसाठी अडकवून ठेवलेली, दोन नंबर बंद, आणि एका आजींना तातडीने खाली एक्स-रेचा फोटो काढायला न्यायचं होतं. डोक्याला पट्टी, अंगावर चादर. दोन वॉर्डबॉयनी त्यांना खाटेवरून स्ट्रेचरवर घेतलं होतं. आजींच्या मुलाने एक कोपरा धरला होता आणि चौथा माणूस मिळत नव्हता.

“मी धरतो,” कानसेन म्हणाला. पेटी ताईच्या ताब्यात दिली आणि उशाकडचा डावा दांडा उचलला.

पायऱ्या अरुंद होत्या. पाय पुढे, डोकं वर, असं तिरकं तोलत ते एकेक पायरी उतरायला लागले. पुढचा मुलगा धापा टाकत होता, आणि भीतीपोटी माणूस रागावतो तसा रागावला होता. “हॉस्पिटलची लिफ्ट बंद! भर दिवसा! कोणत्या शहाण्याने बंद केली ते तरी कळू दे.”

“मी केली,” कानसेन म्हणाला.

मुलाने वळून पाहिलं. त्याच्या तोंडाशी आणखी पुष्कळ काही आलं होतं, पण आईचा भार हातात होता. तो पुढे वळला आणि उतरत राहिला.

वळणाच्या चौथऱ्यावर आल्यावर वॉर्डबॉय कानसेनकडे बघून म्हणाला, “मिस्त्री, आजी बोलतायत तुमच्याशी. केव्हापासून.”

कानसेनने खाली पाहिलं. आजींचे ओठ हलत होते. त्यांचा चेहरा त्याच्या उजव्या हाताशी, वीतभर अंतरावर होता, आणि त्यांचं एक अक्षरही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

“जरा टेकवा,” तो म्हणाला. चौघांनी स्ट्रेचर खाली ठेवलं. तो वाकला. जे त्याने अजून बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईला, चार माणसांच्या देखत, तो मोठ्याने म्हणाला, “आजी, या कानाने मला ऐकू येत नाही. मी पलीकडे येतो, मग सांगा.”

वॉर्डबॉयने काही न विचारता जागा बदलली. कानसेन दुसऱ्या बाजूला आला, डावा कान आजींच्या तोंडाशी नेला.

“मला भीती वाटतेय,” आजी म्हणत होत्या. “कुणीतरी बोलत राहा.”

“मलाही वाटतेय, आजी,” तो म्हणाला.

त्यांनी दांडे उचलले. बोलायचं काय, ते त्याला काही केल्या सुचेना. शेवटी पहिल्या पायरीवर पाय ठेवता ठेवता त्याने मोठ्याने “एक” म्हटलं, मग “दोन”, आणि खालचा मजला येईपर्यंत तो आजींना पायऱ्या मोजून सांगत राहिला.